कुठं गेला होतात, ते नीट सांगा

नमस्कार श्रोतेहो.

शनिवार-रविवार आला की आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूरहून गाड्या भरून आलेली. दुसरी म्हणजे त्या गाड्यांमुळे बाजाराची वाट अडते म्हणून कुरकुरणारी. आपण दुसऱ्या प्रकारातले. गणपतीपुळ्याला आपण पाहुणे आले तरच जाणार. थिबा पॅलेस शाळेच्या सहलीत पाहिला, त्यावर भागवणार. कुणी विचारलंच तर म्हणणार, ‘समुद्र काय, रोजचाच आहे.’ रोजचा आहे हे खरं. पण रोज बघतं कोण?

आम्ही काही मित्रमैत्रिणी सोमवारी संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवी जेट्टीवर जमतो. कुणाची नावं सांगत नाही, कारण त्यांच्या घरची माणसंही हे भाषण ऐकत असतील आणि ‘म्हणजे तू त्या रविवारी ऑफिसच्या कामाला गेला नव्हतास तर’ असा प्रश्न निघायला नको. आमच्यात एक गरीवाले, म्हणजे गळाने मासे धरणारे काका आहेत, एक पक्षीवाली ताई आहे, रेल्वेवेडा आहे, निवृत्त मास्तर आहेत आणि नोकरीनिमित्त मालवणहून इकडे आलेला एक जण आहे. हा मालवणकर माणूस दिसला रे दिसला की ‘खंय गेल्लंस?’ विचारतो. हाच आमच्या बैठकीचा एकमेव विषय. मागच्या दोन दिवसांत कुठं गेलात, काय पाहिलंत, छंदात नवीन काय. एकच अट आहे : मोबाइल खिशात. फोटो शेवटी. आधी तोंडाने सांगायचं.

ही अट का, तर फोटो पाठवणं सोपं झालंय आणि सांगणं अवघड. चाळीस फोटो येतात. सूर्य बुडतोय, थाळीत सुरमई आहे, कुणीतरी उडी मारून हवेत आहे. पण तिथं जायचं कसं, एसटी परत कितीला, पाणी प्यायला मिळतं का, याचा पत्ता नाही. असले फोटो पाहून ‘वा वा’ म्हणता येतं, उठून जाता येत नाही. आणि ज्या बातमीने दुसरा माणूस घराबाहेर पडत नाही, ती आमच्या हिशोबात बातमीच नव्हे.

गरीवाले काकांकडून शिकावं. ते गरवून आले की पहिल्यांदा मासा सांगत नाहीत, तिथी सांगतात. ‘परवा चतुर्थी होती, म्हणजे तीनची भरती.’ आमच्यातल्या तरुणांना हे गणितच ठाऊक नव्हतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. मिनिटामिनिटाला जुळणार नाही, जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर भागतं. आता यातून निघतं ते बघा. खडकांवर उतरून कालवं, समुद्रफुलं, खळग्यात अडकलेले बारके मासे बघायचे असतील, तर पाणी खूप आत जायला हवं. ते जातं उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्या दिवसांत ओहोटी येते पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी. अष्टमीला भरदुपारी ओहोटी मिळेल, पण ते भांगाचं पाणी, फारसं हटत नाही. पर्यटक दुपारी बाराला किनाऱ्यावर येऊन ‘इथं काही नाही’ म्हणतात, त्याला समुद्राने काय करावं?

मासा मिळाला की नाही, हे काका अगदी शेवटी सांगतात, तेही मालवणकराने ‘काय गावला काय?’ विचारलं तर. आणि कुठल्या खडकावर बसले होते, ते तर त्यांच्या घरीही माहीत नसावं.

पक्षीवाल्या ताईचं सांगणं वेगळं. मागच्या हंगामात ती वेळासला गेली होती, कासवांची पिल्लं बघायला. वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यात, नाना फडणवीसांचं गाव. रत्नागिरीहून सागरी मार्गाने जायचं तर जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन फेरीबोटी लागतात. ताईने निम्मा वेळ त्या फेरीबोटींवरच काढला. बोट खाडी ओलांडताना मागे लागणारे कुरव पक्षी, घारी, गाडीतून उतरायला तयार नसलेली माणसं, असं सगळं. मास्तर चुळबुळायला लागले, ‘अगो, कासव कधी येणार?’ तर कासव आलंच नाही. सकाळी गावातल्या कार्यकर्त्यांनी घरट्यावरची टोपली उचलली, खाली नुसती वाळू. संध्याकाळी उचलली, तेव्हाही वाळू. ज्यांच्याकडे उतरली होती त्या काकींनी ‘उद्या निघतील हो’ म्हणत ताटात आणखी एक मोदक वाढला, आणि ताईला दुसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हायचं होतं.

पण ऐकणाऱ्यांपैकी एकालाही तिची फेरी फुकट गेली असं वाटलं नाही, कारण दिवसभर ती त्या कार्यकर्त्यांच्या मागे मागे फिरून विचारत राहिली होती. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि झाकून निघून जाते, परत वळून बघायला येत नाही. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं, तिघंही उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथं संवर्धनाचं काम सुरू केलं, गाव त्यात उतरलं, आणि आज घरोघरी पाहुण्यांची सोय होते. हे सगळं सांगून झाल्यावर गरीवाले काका शांतपणे म्हणाले, ‘गावखडीला पण निघतात की पिल्लं.’ गावखडी! आमच्याच तालुक्यात, पावसच्या पुढे, पूर्णगडचा पूल ओलांडला की. ताईने डोक्याला हात लावला. तिच्या त्या वेळासच्या कहाणीमुळेच नंतर आमच्यातले बरेच जण भल्या पहाटे गावखडीच्या सुरुबनात जाऊन उभे राहिले. पिल्लं पाण्याकडे जाताना मध्ये पाय ठेवायचा नाही, टॉर्च मारायचा नाही, हे ताईने आधीच बजावून ठेवलेलं होतं.

सांगण्यात भर घालणारेही असतात. मालवणकर विजयदुर्गला जाऊन आला आणि त्याने आल्या आल्या हेलियम काढला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, तिथं उभं राहून लॉकियर साहेबाने १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध लावला, वगैरे. तो रंगात आला होता. मास्तरांनी मध्येच खोकून विचारलं, ‘लॉकियर इथं आला होता कधी?’ झालं. ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चं, हे खरं. आपल्या देशातून ते दिसलं आणि ते टिपायला युरोपातले शास्त्रज्ञ आले, हेही खरं. पण फ्रान्सचा जानसेन होता गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्याच्या कडेची हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली ती दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये बसून आणि ग्रहणाशिवाय. मालवणकर पुढचा अर्धा तास बोलला नाही. मला विचाराल तर विजयदुर्गला साहेबाची उसनी प्रतिष्ठा लागतच नाही. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा तो तिहेरी तटबंदीचा किल्ला २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्गासह जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो मराठ्यांच्या दुर्गरचनेसाठी. पण ओटे दाखवणाऱ्या माणसाला हे ऐकवायला जाऊ नका, त्याचा दिवस कशाला खराब करा.

रेल्वेवेड्याच्या बातम्या आम्ही थोडक्यात आटपतो, नाहीतर रात्र होते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पार करायला पॅसेंजरला किती वेळ लागला, याची त्याच्याकडे वही आहे. पानवलचा ६४ मीटर उंच पूल गाडीतून कुठल्या बाजूने बघावा, यावर त्याची ठाम मतं आहेत. दोन्ही बाजूंनी ठाम आहेत, त्यामुळे आमचा काही निकाल लागत नाही.

मास्तरांचा छंद कातळशिल्पांचा. सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आपल्याला गुरं चरायची आणि पावसानंतर फुलं बघायची जागा. त्या जांभ्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरून ठेवलं, आणि गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून ये-जा करत राहिले. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जवळ उभं राहिलं तर दिसतच नाही, नुसत्या रेघा वाटतात. मास्तर सांगतात, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उन्हात कोरीव रेघेत सावली पडते आणि मग एकेक पाय, सोंड, आतले बारके प्राणी वर येतात. दुपारी कातळ तापून पाय भाजतात आणि दिसत काहीच नाही. एकदा ते राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन गेले. तिथं उताणं माणूस कोरलंय, आणि त्या जागी सुई बाजूला वळते, उत्तर सोडून देते. मास्तरांनी खिशातून होकायंत्र काढून आमच्यापुढे ठेवलं, जणू पुरावा म्हणून. अर्थात मांडवीच्या कट्ट्यावर ते नीट उत्तरच दाखवत होतं. मग कुणाच्या तरी मुलीने लोहचुंबक दोरीला बांधून किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून फिरवला आणि त्याला काळ्या कणांची दाढी फुटली. त्या संध्याकाळी जांभा, लोह आणि काळी वाळू यांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी मी शाळेत दहा वर्षांत ऐकली नव्हती. तुमच्या घरी फ्रिजवर चिकटवलेला चुंबक असेल तर तो घेऊन जा, मुलांना खूश करायला दुसरं काही लागत नाही.

एवढं सांगा सांगा म्हणतोय, पण काही गोष्टी न सांगायच्याही आहेत, आणि यावर आमच्यात भांडण झालेलं आहे. धनेशाचं घरटं त्यातलं पहिलं. मोठ्या जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. तिची आणि पिल्लांची भूक त्याच्या एकट्याच्या फेऱ्यांवर. झाडाखाली चार कॅमेरेवाले उभे राहिले की तो बुजतो, जवळ येत नाही. म्हणून ताई धनेश दिसला एवढंच सांगते, फार तर तालुका सांगते. रेल्वेवेडा रागावला, ‘मग सांगतेस कशाला?’ ताई म्हणाली, ‘तू तुझ्या वाडीतली जुनी झाडं बघावीस म्हणून.’ मी ताईच्या बाजूचा. आपल्या वाडीत एखादा बेहडा किंवा सातवीण उभी असेल, तर तिच्यावर नजर ठेवायला कुणाचा पत्ता लागत नाही.

अळंबीची जागा न सांगण्यामागचं कारण मात्र एवढं उदात्त नसतं. पहिल्या पावसानंतर कुठल्या वारुळाशेजारी अळंबी उगवते, हे कोकणी माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, आणि सांगू नये.

उलट काही बातम्या लपवून राहतच नाहीत. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात गंगा आली की, फोन नव्हते तेव्हासुद्धा, बातमी एसटीच्या कंडक्टरबरोबर गावोगाव पोचायची. साधारण तीन वर्षांनी ती प्रकटते, अलीकडे वेळापत्रक फारसं पाळत नाही, पण चौदा कुंडं भरली की लोक कामं टाकून निघतात. माझी आजी अशीच कानावर आलेल्या बातमीवर निघून गेली होती. परत आल्यावर आठवडाभर शेजारणी तिच्याकडे येऊन सगळं पहिल्यापासून ऐकत असत : कुठल्या कुंडात पाणी गार, कुठे गर्दी, येताना कुणाच्या घरी भात खाल्ला. त्यातल्या निम्म्या पुढच्याच आठवड्यात गेल्या.

आता येत्या रविवारचं. आमच्यात दोन तट पडलेत. दिवाळी होऊन गेलीय, सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्यात, म्हणून मालवणकराला सगळ्यांना दशावतार बघायला रात्रभर जागवायचंय. मास्तर म्हणतात, रात्रभर जागणं त्यांच्या गुडघ्यांना परवडत नाही, त्यापेक्षा पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी अशी एका रस्त्यावरची फेरी करू : सकाळच्या उन्हात हत्ती, मग कनकादित्याचं देऊळ, आणि देवघळीवरून समुद्र. मालवणकर म्हणाला, हत्ती कातळातला आहे, पळून जाणार नाही, जत्रा मात्र वर्षातून एकदा. यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. काका अजून तिथी बघून सांगतो म्हणालेत. बहुतेक शनिवारी रात्री जत्रा आणि रविवारी येताना, डोळे उघडे राहिले तर, कशेळी.

नमस्कार.