उसातला कोयता

श्रोतेहो, नमस्कार. खुनाच्या आरोपीला जामीन झाल्याची बातमी आली की पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "सुटला बघा!" अहो, सुटलेला नसतो. जामीन म्हणजे निर्दोष नव्हे. खटला उभाच असतो, तारखा चालूच असतात.

खून होताना कुणी पाहिलाच नसेल, तर सगळी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर. दोघांना शेवटचं एकत्र कुणी पाहिलं, वैर काय होतं, हत्यार कुठून निघालं, अशी कडीला कडी जोडायची. ही साखळी किती पक्की हवी, ते सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली पुण्याच्या शरद सारडा खटल्यात सांगितलं. सेशन्स कोर्टाने फाशी दिलेली, उच्च न्यायालयाने कायम केलेली, आणि दिल्लीत आरोपी निर्दोष सुटला. त्या निकालातल्या पाच कसोट्यांना वकील मंडळी 'पंचशील' म्हणतात. गुन्हा याने केला 'असेल' एवढ्यावर भागत नाही, यानेच केला 'असला पाहिजे' इथवर जावं लागतं.

पण या कसोट्या निकालाच्या वेळच्या. जामिनाच्या वेळी न्यायाधीश पुरावा तोलत नाहीत, चाळतात. तोलणं वेगळं, चाळणं वेगळं. हे मला कळलं ते उसाच्या एका पावतीमुळे.

मी तेव्हा नवा ज्युनियर. काम म्हणजे सीनियरांच्या फायली वाहणं. बांधाच्या वादातून चुलतभावाचा खून केल्याचा आरोप असलेला एक शेतकरी आमचा पक्षकार. आदल्या रात्री दोघं एसटी स्टँडवर चहा पिताना चहावाल्याने पाहिलेले. सकाळी कॅनॉलच्या कडेला प्रेत. आणि आरोपीने फेब्रुवारीत स्वतःच्या शेतातल्या 'उभ्या उसातून' कोयता काढून दिला, असा पंचनामा. पंच अर्थातच नेहमीचे दोघे. प्रत्येक पंचनाम्याला तेच कसे सापडतात, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

सीनियर फार बोलायचे नाहीत. जामिनाच्या सुनावणीला उठले आणि साखर कारखान्याची पावती पुढे केली. त्या गटातला ऊस जानेवारीतच तुटून काट्यावर गेलेला! "साहेब, फेब्रुवारीत त्या रानात पाचट होतं. उभा ऊस आला कुठून?" (काट्यावर शेतकऱ्याला किती टनाला कसं मारतात, त्यावर मी वेगळं भाषण देईन. आकाशवाणीने वेळ द्यावा.)

सरकारी वकील उसळले, "हा खटल्याचा विषय आहे!" न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "खरं आहे. पावती खरी की खोटी ते मी आज ठरवत नाही. पण ही कडी हलतेय एवढं दिसतंय." दोषारोपपत्र दाखल झालेलं होतं, माणूस घरदार-शेतीवाला, पळून जाणार कुठे? जामीन झाला. अटी दोन : तालुक्यात पाऊल टाकायचं नाही, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही.

वेळेचा हिशेबही असतो. अशा गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन मागणं हा आरोपीचा हक्कच. आणि खटला रेंगाळला तर? शीना बोरा प्रकरण आठवा. तेही परिस्थितिजन्य पुराव्याचंच. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शीनाच्या आईला, म्हणजे तिच्या खुनाचा आरोप असलेल्या इंद्राणी मुखर्जी यांना जामीन दिला तेव्हा त्यांना तुरुंगात साडेसहा वर्षं झाली होती. साक्षीदार दोनशेच्या वर. निम्मे वगळले तरी खटला लवकर संपायचा नाही, असं न्यायालयाने म्हटलं. गुणदोषांवर मात्र अवाक्षर नाही. त्या रात्री काही वाहिन्यांनी निकाल लागल्यासारखा गोंधळ घातला, तो वेगळा. पुन्हा सांगतो, जामीन म्हणजे निर्दोष नव्हे.

आमच्या शेतकऱ्याचा निकाल चार वर्षांनी लागला. सुटला, पण पावतीमुळे नाही. चहावाला फितूर झाला म्हणून.

ते पुढचं. जामीन झाला त्या संध्याकाळी त्याची आई काकवीची किटली घेऊन ऑफिसात आली. "पोरगं सुटलं, वकीलसाहेब." सीनियरांनी तिला समजावलं, "आजी, सुटला नाही अजून. पंधरा तारखेला पुन्हा कोर्टात यायचंय."

म्हातारीने किटलीकडे पाहिलं.

"मग ही काकवी परत नेऊ का?"

सीनियरांनी किटली उचलून टेबलाखाली ठेवली आणि मला म्हणाले, "उद्या येताना भाकरी आण."