ड जीवनसत्त्वाची पुडी आणि लिव्हरचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तरी ड जीवनसत्त्व कमी असल्याचे रिपोर्ट इथेही येतात. त्यात नवल काही नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये अख्खी पाळी काढणारा कामगार किंवा मांडीवर सूप घेऊन घरात बिड्या वळणारी बाई, यांच्या अंगावर ऊन पडतंच किती? त्यात कोवळ्या उन्हात बसलं की भागतं, असा एक समज आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्ही-बी किरणांमुळे, आणि सूर्य खाली असताना हे किरण बहुतांश वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे मिळू लागतात. सोलापुरात मे महिन्यात ही वेळ सव्वानऊच्या सुमाराला येते, डिसेंबरात अकरा वाजून जातात. खिडकीच्या काचेतून मात्र ते आत येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळालेलं असो की पुडीतून, ते तसंच्या तसं शरीराला वापरता येत नाही. आधी ते लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात जावं लागतं. रक्तातून त्याला वाहून नेणारं प्रथिनही यकृतच बनवतं. यकृताच्या पेशीत सीवायपी-टू-आर-वन नावाचं एन्झाइम आहे. ते या रेणूच्या 25व्या कार्बनला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी लावतं. तयार होतं ते 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. अमेरिकेत हेक्टर डीलुका यांच्या प्रयोगशाळेनं 1968 मध्ये हा पदार्थ ओळखला.

हासुद्धा अजून साठाच आहे. पुढची पायरी किडनीत. तिथे पहिल्या कार्बनवर अशीच दुसरी जोडी लागते आणि कॅल्सिट्रायॉल तयार होतं. आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायला लावणारं खरं हार्मोन हे.

दोन्ही पायऱ्यांत एक मोठा फरक आहे, तो नीट ऐका. किडनीच्या कामावर कडक लगाम असतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, कॅल्शियम, फॉस्फेट यांच्याकडे बघून ती कमी-जास्त बनवते. यकृताला असा लगाम जवळजवळ नाही. जेवढं येईल, त्यातलं बरंचसं ते बदलून टाकतं. म्हणूनच शरीरातला साठा किती, हे 25-हायड्रॉक्सीच्या तपासणीतून कळतं. डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय 1,25 ची, म्हणजे किडनीत बनणाऱ्या कॅल्सिट्रायॉलची महागडी तपासणी करू नका. ड कमी पडलं की पॅराथायरॉइड हार्मोन वाढून किडनीला जोरात कामाला लावतं, त्यामुळे साठा रिकामा असतानाही तो आकडा नॉर्मल, कधी जास्तसुद्धा येतो. 25-हायड्रॉक्सीचा आकडा 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात.

लगाम नसल्याचा धोकाही इथेच आहे. 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्याला एक, अशी 8 आठवडे देतात. काही जण चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतात. प्रौढ माणसाची रोजची गरज धरली आहे 600 युनिट, म्हणजे हे रोज शंभर पट झालं. यकृत ते बदलत राहतं, आणि 25-हायड्रॉक्सी रक्तात निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. मग कॅल्शियम वाढतं: तहान भागत नाही, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, उलट्या, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, किडनीला इजा होते. पुडी बंद केल्यावरही हे लगेच ओसरत नाही. अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.

पुडी घ्यायची ती जेवणानंतर. ड जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळतं आणि आतड्यात शोषलं जायला यकृतातून येणारं पित्त लागतं. जेवणात थोडी स्निग्धता असली की पित्त चांगलं सुटतं. भाकरी आणि वर तेल घेतलेली शेंगाचटणी खाल्ली असेल तर वेगळं काही करायला नको. पुडी सायीच्या दुधातून घेतली तरी चालते. पित्तनलिका अडून झालेल्या काविळीत, शौचाला पांढरट होत असताना, तोंडाने घेतलेलं औषध नीट शोषलं जात नाही. तेव्हा डॉक्टर इंजेक्शनचा विचार करतात.

यकृत खराब झालं की ही पहिली पायरी लगेच बंद पडते, असं मात्र नाही. सिरॉसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन आक्रसण्याचा आजार, बराच पुढे जाईपर्यंत ती चालू राहते. तरी अशा रुग्णांचा आकडा कमी येतो, कारण पित्त कमी पडतं आणि वाहून नेणारं प्रथिनही कमी तयार होतं.

यकृत हे जीवनसत्त्व मोडूनही टाकतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या गोळ्या ही मोडतोड वाढवतात. वर्षानुवर्षं फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्याची कंबर, मांड्या दुखत असतील, जिना चढताना हात टेकावा लागत असेल, तर डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवा आणि 25-हायड्रॉक्सी तपासून घ्या. फिट्सची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर ड जीवनसत्त्वाचा डोस वाढवतील आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतील.