बिस्किटाच्या डब्यातल्या पावत्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कॅथलिक संस्थांच्या शाळांबद्दल. त्यांच्या पैशांबद्दल, आणि तिथे मुलाला कोणी त्रास दिला तर जाब कोणाला विचारायचा, याबद्दल. कायद्याचं सांगणारच आहे, पण आधी आमची मावशी.

वेंगुर्ल्याच्या बाजूचं गाव. मावशी बाजारात मासे विकायची आणि नात पाद्रींच्या शाळेत. शाळेचं छप्पर गळायचं म्हणून इमारत निधी निघाला. मावशी दर आठवड्याला पाटी रिकामी झाली की येताना पन्नास रुपये देऊन पावती घ्यायची. पाच वर्षं. हल्ली मोबाइलवर पैसे जातात, तेही ठीकच. पण कागदाची पावती ती पावती. आमच्या घरी हे कोणाला पटत नाही, असो.

छप्पर काही झालं नाही. पालकसभेत फादर म्हणाले, निधी अपुरा आहे. मावशी उठली, पदराखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. पावत्यांचा ढीग. काहींना गंजाचे डाग, एकीला बांगड्याचं खवलं चिकटलेलं. म्हणाली, "फादर, ह्यो माज्यो पावत्यो. आता तुमची वही खंय आसा?"

मी तिथे होतो, म्हणून सांगतो: सभा हसली नाही. फादर उठून गेले आणि शाळेतल्या मुलांची असते तसली शंभर पानी वही घेऊन आले. फीचे, फेस्ताचे, इमारतीचे, सगळे पैसे एकाच रकान्यात. पैसे खाल्ले होते का? तसं काही दिसलं नाही. पण पाच वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. देवाच्या माणसाला हिशेब विचारायचा कसा, ही आपली भीड.

आणि ती भीड मोडल्याबरोबर मागच्या बाकावरून एक आई उठली. तिचा मुलगा तिथल्या बोर्डिंगात. हळूच म्हणाली, "आदले फादर अर्ध्या वर्सात कित्याक गेले? माजो झील तेवापासून रातचो झोपणा नाय." उत्तर आलं, "त्यांची बदली झाली." बस्स. सभा संपली, चहा आला.

मंडळी, बदली म्हणजे चौकशी नव्हे. पुन्हा सांगतो, बदली म्हणजे चौकशी नव्हे. अमेरिकेत बॉस्टनला हेच वर्षानुवर्षं चाललं होतं. पाद्रीने मुलावर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार आली की पाद्री दुसऱ्या पॅरिशला, म्हणजे दुसऱ्या गावच्या चर्चला. २००२ साली वर्तमानपत्राने ते उघड केलं आणि डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावं लागलं. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम केला की अशी गोष्ट कळली तर पाद्री आणि सिस्टर यांनी वरिष्ठांना कळवलंच पाहिजे. पण बिशपांना कळवलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा. नुसती शंका आली तरी पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मग तो फादर असो, सिस्टर असो, नाहीतर आपल्यातला चेअरमन. मुलांच्या मदतीसाठीचा, चाइल्डलाइनचा फोन नंबर १०९८. लिहून घ्या, एक शून्य नऊ आठ.

पैशांचं तर चर्चच्या स्वतःच्या कायद्यात आहे. १९८३ च्या कॅनन संहितेतला १२८७ वा नियम म्हणतो, भाविकांनी जे दिलं त्याचा हिशेब भाविकांना द्यावा. शिवाय संस्था सार्वजनिक ट्रस्ट असेल तर १९५० च्या आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. तेव्हा वही मागितली तर पाप लागत नाही. आमच्या देवळांच्या विश्वस्तांनाही हे लागू आहे बरं, फक्त चर्चकडे बोट नको.

गेल्या मे महिन्यात त्या शाळेत जाऊन आलो. छप्पर झालंय, आणि दाराशी फळ्यावर दर महिन्याची जमा-खर्चाची यादी लावतात. मावशीला वाचता येत नाही, नात वाचून दाखवते. त्या आईचा मुलगा मात्र आता त्या शाळेत नाही. आदले फादर कित्याक गेले, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.