४३ मैल

(पडद्यावर : सकाळचं धुकं. लाकडी कुंपण, पलीकडे चरणारी गुरं.)

आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नसायची. "मोठा पूर आला त्या साली झाला" एवढंच आईला आठवायचं. मग शाळेत नाव घालताना मास्तर शाळा उघडायच्या बेतानं एक तारीख टाकून मोकळे व्हायचे.

सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या एका पोरानं १९१७ साली नेमका याच गोष्टीचा फायदा उठवला.

पोराचं नाव फ्रँक बकल्स. जन्म १ फेब्रुवारी १९०१, मिझुरी राज्यातल्या बेथनी गावाजवळचा. घरची शेती. पुढे वडिलांनी ओक्लाहोमात जमीन घेतली, तेव्हा सामानाच्या रेल्वेडब्यात घोड्यांसोबत बसून त्यांना नव्या गावी पोचवण्याचं काम या पंधरा वर्षांच्या पोराकडे आलं होतं. ज्या वयात आपण पोराला एकट्यानं तालुक्याला पाठवायला का-कू करतो, त्या वयात.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. फ्रँकला जायचंच होतं. आधी तो मरीनवाल्यांकडे गेला. वय सांगितलं अठरा. ते म्हणाले, एकवीस लागतं. काही दिवसांनी पुन्हा गेला, म्हणाला, एकवीस. ते म्हणाले, वजन कमी भरतंय. मग नौदल. तिथल्या डॉक्टरनं तळवे बघून सांगितलं, सपाट आहेत, चालायचे नाहीत.

राहिलं भूदल. तिथं जन्माचा दाखला मागितला. फ्रँकनं सांगून टाकलं, "मी जन्मलो तेव्हा मिझुरीत सरकारी नोंद होत नव्हती. नोंद आहे ती घरच्या बायबलात. आता ते काही मी इथं उचलून आणणार नाही."

घेतलं त्याला. वय वर्षं सोळा.

(पडद्यावर : समुद्र. एका जुन्या आगबोटीचं चित्र.)

कुठल्यातरी जुन्या सार्जंटनं कानमंत्र दिला होता, फ्रान्सला लवकर पोचायचं तर रुग्णवाहिकेच्या पथकात जा. फ्रँकनं तेच केलं. डिसेंबर १९१७ मध्ये ज्या बोटीतून तो निघाला तिचं नाव 'कार्पेथिया'. साडेपाच वर्षांपूर्वी टायटॅनिकमधली वाचलेली माणसं बर्फाळ समुद्रात तरंगणाऱ्या जीवरक्षक नौकांमधून उचलून आणली होती ती हीच बोट. तेव्हाचे काही खलाशी अजून तिच्यावर होते आणि पोरं त्यांच्याभोवती गोष्टी ऐकायला बसायची. पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, जर्मन पाणबुडीनं कार्पेथियाही बुडवली.

आता युद्धाचा भाग आला की पडद्यावर धूर आणि तोफा दाखवायची पद्धत आहे. आम्ही त्या दाखवणार नाही, कारण फ्रँक बकल्स खंदकात लढलाच नाही. इंग्लंडमध्ये आणि मग फ्रान्समध्ये त्यानं मोटारसायकल चालवली, गाडी चालवली, रुग्णवाहिका चालवली. जखमी माणसं मात्र भरपूर पाहिली. शस्त्रसंधीनंतर जर्मन कैद्यांना त्यांच्या देशात परत पोचवायची कामगिरी मिळाली. त्यातल्या एका कैद्यानं आपल्या कमरपट्ट्याचं बक्कल त्याला दिलं. त्यावर जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'देव आमच्यासोबत आहे'. ते बक्कल त्यानं आयुष्यभर सांभाळलं.

परतल्यावर ओक्लाहोमा सिटीत एका समारंभात जनरल पर्शिंग आले होते. युरोपात लढलेल्या साऱ्या अमेरिकी फौजेचे सेनापती. गणवेशातल्या या पोराला त्यांनी विचारलं, गाव कुठलं? फ्रँकनं जिल्हा सांगितला : हॅरिसन काउंटी, मिझुरी. पर्शिंगही मिझुरीचेच, लिन काउंटीचे. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या गावापासून सरळ रेषेत ४३ मैल."

कोणत्याही पलटणीत गाववाला भेटला की असंच होतं. हुद्दा बाजूला राहतो आणि आधी शिव-शेजार जुळवला जातो. हा ४३ चा आकडा बकल्स म्हातारपणीही सांगायचे.

(पडद्यावर : बंदर. चढणारे-उतरणारे लोक.)

शेतकऱ्याचा मुलगा पण त्याला शेतीनं लगेच परत बोलावलं नाही. जहाज कंपन्यांची नोकरी धरली आणि जग पाहिलं. चाळीस साल आलं तेव्हा ते फिलिपिन्समध्ये, मनिलात होते. जानेवारी १९४२ मध्ये जपान्यांनी मनिला घेतली. चाळिशीतला हा नागरिक, अंगावर गणवेश नाही, हातात बंदूक नाही, तुरुंगछावणीत गेला.

तीन वर्षं आणि वर काही आठवडे. आधी सांतो तोमास, मग लॉस बान्योस. वजन १०० पौंडांवर, म्हणजे आपल्या पंचेचाळीस किलोंवर आलं, तेव्हा बकल्सनी वजन करणंच सोडून दिलं. त्या अवस्थेत ते बाकीच्या कैद्यांना रोज कवायत करायला लावत. पोटात अन्न नसताना व्यायाम कसला, असं वाटेल. पण अंथरुणाला पाठ टेकली की माणूस संपतो, हे त्यांनी पाहिलं असणार. २३ फेब्रुवारी १९४५ च्या पहाटे अमेरिकी छत्रीधारी सैनिक आणि गनिमी काव्यानं लढणाऱ्या फिलिपिनो तुकड्यांनी छापा घालून २,१४७ जणांना सोडवलं. ज्या लहानशा धातूच्या पेल्यात मिळेल ते खाऊन दिवस काढले, तो पेला बकल्स घरी घेऊन आले.

गंमत म्हणावी की काय म्हणावं : सैनिक म्हणून ते लढाईला लागले नाहीत, आणि खरे हाल झाले ते सैनिक नसताना. त्यामुळे युद्धकैद्याचं पदकही नाही. नियमात बसत नव्हतं.

(पडद्यावर : पुन्हा ते कुरण. आता ऊन आहे.)

१९४६ मध्ये ऑड्रीशी लग्न झालं. आणि १९५४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, पाय अखेर मातीकडे वळले. वेस्ट व्हर्जिनियात, चार्ल्स टाउनजवळ, त्यांनी गॅप व्ह्यू नावाचं शेत घेतलं. ३३० एकर. गुंठ्यावरून भावाभावांत कज्जे पाहिलेल्या आपल्याला हा आकडा ऐकून गरगरतं, पण तिकडे गुरं पाळायची तर एवढं कुरण लागतंच. त्यांचे पूर्वज दोन शतकांपूर्वी याच पट्ट्यात राहत होते. म्हणजे जग फिरून माणूस पूर्वजांच्या शिवेत परतला.

नवरा-बायको आणि एकुलती एक लेक. गोठा, गवत, कुंपणाची डागडुजी. पुढची जवळजवळ सहा दशकं यातच गेली. चरित्र लिहिणाऱ्याला इथं सांगण्यासारखं काही सापडत नाही, दोन ओळींत तो इथून पुढे सरकतो. आम्हांला हीच वर्षं त्यांची वाटतात. बाकीची सरकारनं किंवा शत्रूनं वापरली. शंभरी पार केल्यावरही हे गृहस्थ ट्रॅक्टरवर बसत होते. १९९९ मध्ये ऑड्री गेली. मग लेक बापाकडे राहायला आली.

फेब्रुवारी २००८. पहिल्या महायुद्धातला दुसरा एक वृद्ध अमेरिकी सैनिक वारला, आणि सत्तेचाळीस लाखांतून फक्त फ्रँक बकल्स उरले. वय १०७.

इथं थांबून आपल्याकडे बघावंसं वाटतं. याच युद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या होत्या, तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण या युद्धात कामी आले. गावात त्यांच्या नावानं दगड उभा आहे. पण जे परत आले, ज्यांनी पुन्हा नांगर धरला, त्यांच्यातला शेवटचा कोण? कुठल्या वाडीत, कुठल्या ओसरीवर, कोणत्या साली गेला? त्याच्या दारात कुणी कॅमेरा घेऊन गेलं नाही.

बकल्स यांच्या दारात मात्र रांग लागली. पत्रकार, शाळेची पोरं, व्हाइट हाउसचं बोलावणं. त्यांनी या सगळ्याचा उपयोग एका कामासाठी केला. वॉशिंग्टनच्या भव्य मैदानावर व्हिएतनामचं स्मारक होतं, कोरियाचं होतं, दुसऱ्या महायुद्धाचं होतं. पहिल्याचं राष्ट्रीय स्मारक नव्हतं. होतं ते फक्त वॉशिंग्टन शहरातल्या मृतांसाठी, तेही झाडीत दुर्लक्षित पडलेलं. डिसेंबर २००९ मध्ये चाकाच्या खुर्चीतून बकल्स सिनेटच्या समितीपुढे गेले आणि स्मारकाची मागणी केली. वय १०८. स्वतःसाठी मागायला आता तसंही काय राहिलं होतं?

एक होतं, पण ते आधीच मागून झालं होतं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं जावं, ही इच्छा. पण तिथं कागद आडवा आला. ठरावीक पदकं नाहीत, युद्धकैद धरली जात नाही, म्हणजे नियमानं फक्त अस्थींना जागा, देहाला नाही. सोळाव्या वर्षी कागद नसल्यामुळे आत शिरलेला माणूस शंभरीनंतर कागदामुळेच बाहेर राहत होता. शेवटी २००८ मध्ये सरकारनं अपवाद केला.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी, ११० वर्षं पूर्ण करून काही दिवस झालेले असताना, गॅप व्ह्यूच्या आपल्या घरात ते वारले. संसदेच्या घुमटाखाली पार्थिव ठेवावं, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. १५ मार्चला आर्लिंग्टनमध्ये अंत्यसंस्कार झाले. राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि उपराष्ट्राध्यक्ष बायडन दर्शनाला आले. राष्ट्रीय स्मारक पुढे वॉशिंग्टनमधल्या पर्शिंग पार्कमध्ये झालं. एप्रिल २०२१ मध्ये तिथं पहिल्यांदा झेंडा चढला.

(पडद्यावर : पांढऱ्या दगडांच्या रांगा. कॅमेरा सावकाश सरकतो.)

हा विभाग ३४. इथं एका जनरलची कबर आहे. हुद्दा मोठा, दगड मात्र साध्या शिपायाचा असतो तेवढाच. तशी त्यांची इच्छा होती. नाव जॉन पर्शिंग, लिन काउंटी, मिझुरी.

आणि तिथून हाकेच्या अंतरावर कॉर्पोरल फ्रँक बकल्स. हॅरिसन काउंटी.