कापसाची काडी

[दृश्य : पांढऱ्या टेबलावर झाकणाची बारीक नळी. शेजारी टोकाला कापूस गुंडाळलेली लांब काडी.]

ही काडी गालाच्या आतून फिरवायची. एका गालातून, मग दुसऱ्या. नळीत घालायची, झाकण घट्ट लावायचं, पाकिटावर नाव लिहायचं आणि प्रयोगशाळेकडे धाडायचं. रक्त नको, सुई नको. काही दिवसांनी उत्तर येतं.

आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय त्यात एक बाई ही काडी स्वतःच्या गालातून फिरवते आणि मग आपल्या तान्ह्या मुलीच्या. घरातल्या घरात, कुणाला न सांगता. उत्तर येतं : ही मुलगी तुमची नाही.

[दृश्य : शीर्षक]

सिनेमा स्पॅनिश आहे. 'मादरेस पारालेलास', म्हणजे समांतर माता. दिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवार. १ सप्टेंबर २०२१ रोजी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचा पडदा याच सिनेमाने उघडला. सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार तिथे पेनेलोपे क्रूझला मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकनही. नाव मात्र बरंच जुनं. २००९ साली आलेल्या त्याच्याच एका सिनेमात मागच्या भिंतीवर 'मादरेस पारालेलास' नावाचं पोस्टर टांगलेलं दिसतं. म्हणजे निदान बारा वर्षं हे नाव त्याच्या डोक्यात घोळत होतं.

यापुढे सगळी गोष्ट फुटणार आहे. पाहायचा राहिला असेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, पाहून या. आम्ही थांबतो.

[दृश्य : माद्रिदचा रस्ता, सकाळ]

जॅनिस माद्रिदमध्ये राहणारी फोटोग्राफर. चाळिशीला टेकलेली. नाव गायिका जॅनिस जॉप्लिनवरून ठेवलेलं. आई हिप्पी होती आणि जॉप्लिनसारखीच सत्ताविसाव्या वर्षी नशेपायी गेली. मुलीला वाढवलं आजीने. आजीकडून जॅनिसकडे एक राहून गेलेलं काम आलंय. १९३६ मध्ये पेटलेल्या स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला आजीच्या वडिलांना, म्हणजे जॅनिसच्या पणजोबांना, घरातून उचलून नेलं, गोळी घातली आणि गावाबाहेर खड्ड्यात लोटलं. गावातल्या आणखी काही जणांबरोबर. तो खड्डा कुठे आहे हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पक्कं ठाऊक आहे. माती बाजूला करायला सरकारी परवानगी नाही आणि पैसाही नाही.

एका मासिकासाठी फोटो काढताना जॅनिसची गाठ आर्तुरोशी पडते. तो न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ. हाडांवरून माणसाची ओळख पटवणं हेच त्याचं काम. ती त्याला पणजोबांबद्दल विचारते. पुढे दोघांचं जमतं, तिला दिवस जातात. तो विवाहित, बायको आजारी. जॅनिस म्हणते, मूल माझं मी वाढवेन.

बाळंतपणाच्या खोलीत शेजारच्या खाटेवर आना असते. अजून विशीही न गाठलेली, घाबरलेली. दोघींना एकाच दिवशी मुली होतात. दोन्ही बाळं काही काळ निगराणीखाली ठेवतात आणि तिथेच अदलाबदल होते.

आपल्याकडे बाळं बदलण्याची गोष्ट म्हटली की हिंदी सिनेमा आठवतो : जत्रा, लॉकेट, शेवटच्या रिळात ओळख. अल्मोदोवारही याच मसाल्यातून सिनेमा करतो आणि त्याची त्याला जराही लाज नाही. फरक असा की इथे ओळख मधेच पटते आणि ती एकट्या जॅनिसलाच पटते.

मग जॅनिस काय करते? फोन नंबर बदलते. गप्प बसते.

[दृश्य : कॉफीच्या दुकानाची काच]

पुढे आना तिला घराजवळच्या कॉफीच्या दुकानात काम करताना भेटते. आनाच्या घरी जे बाळ गेलं होतं, ते झोपेतच दगावलंय. म्हणजे जॅनिसचं स्वतःचं मूल गेलं आणि तिला सुतकही लागलं नाही. आता तिच्या कुशीत आहे ती आनाची मुलगी. जॅनिस आनाला बाळ सांभाळायला घरी ठेवून घेते. सख्खी आई पगारावर आपल्याच मुलीची दाई होते, आणि हे एकट्या जॅनिसलाच माहीत असतं. देवकी-यशोदा म्हणून आपण असले पेच चटकन सोडवून टाकतो. पण यशोदेने देवकीलाच मोलाने ठेवल्याचं कुठल्या पुराणात वाचल्याचं आठवत नाही.

एक दृश्य फार साधं आहे. जॅनिस आनाला बटाट्याचं ऑम्लेट करायला शिकवते. स्पेनमधला हा अगदी घरगुती पदार्थ. आना मोठ्या घरातली, तिला बटाटा सोलता येत नाही. जॅनिस सालं कशी काढायची ते दाखवते. मुलीने आईकडून शिकायचं ते ही पोरगी जॅनिसकडून शिकतेय आणि जॅनिस तिच्यापासून तिची मुलगी लपवतेय. बटाट्यांवरून नजर हलत नाही.

मग एकदा घरातच भांडण होतं. जॅनिसला त्या खड्ड्याचं वेड लागलंय, असं आनाचं म्हणणं. आनाचे बाबा म्हणतात, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, पुढे बघावं. जॅनिस भडकते. एक लाखाहून जास्त माणसं अजून रस्त्याकडेला पुरलेली आहेत, त्यांची नातवंडं-पतवंडं त्यांना बाहेर काढू पाहतायत, आपण कुठल्या देशात राहतो ते तुला कळायला हवं.

हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भाषण वाटलं. पुष्कळांची तक्रारही तीच : दोन सिनेमे एकत्र शिवलेत आणि टाके दिसतात. दुसऱ्यांदा पाहताना संवादांकडे लक्ष दिलं नाही, पेनेलोपे क्रूझच्या चेहऱ्याकडे दिलं. खरं बाहेर आलंच पाहिजे असं ती ज्या मुलीला ओरडून सांगतेय, तिच्याशीच ती इतके दिवस खोटं वागतेय. आपलेच शब्द आपल्या कानांवर पडतायत हे तिच्या डोळ्यांत दिसतं. त्यानंतर फार वेळ न जाता ती प्रयोगशाळेचा कागद काढते आणि आनाला सगळं सांगते. आना मुलीला घेऊन त्याच रात्री निघून जाते.

[दृश्य : कोरडी टेकडी. वळणाचा रस्ता, कडेला गवताचा चर.]

यादवी युद्धाच्या वेळचा एक स्पॅनिश शब्द आहे, 'पासेओ'. अर्थ फेरफटका. रात्री दारावर थाप पडायची, चला जरा फेरफटका मारून येऊ, आणि माणूस गाडीत बसवून न्यायचे. दुसरा शब्द 'कुनेता'. रस्त्याकडेचा चर. फेरफटका बहुतेक वेळा तिथेच संपायचा. मारलेल्यांत शाळामास्तर असत, शेतमजूर असत, कामगार संघटनेतले लोक, नगरपालिकेतले सदस्य.

जुलै १९३६ मध्ये लष्कराने निवडून आलेल्या सरकारविरुद्ध उठाव केला, १ एप्रिल १९३९ ला युद्ध संपलं, उठाववाल्यांचा जनरल फ्रँको जिंकला आणि हुकूमशहा झाला. मारामाऱ्या दोन्ही बाजूंनी झाल्या, खून दोन्ही बाजूंनी झाले. पण जिंकलेल्यांनी आपली माणसं शोधून काढली, मानाने पुरली, चर्चच्या भिंतींवर त्यांची नावं कोरली. हरलेल्यांची चरातच राहिली. त्यांच्या बायकांना उघड रडायचीही चोरी होती.

फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला अंथरुणावर मेला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सर्वमाफीचा कायदा आला. आज त्याला नावं ठेवणं सोपं आहे. तेव्हा त्याची मागणी लोकशाहीवाद्यांचीही होती, कारण त्यांची माणसं तुरुंगात होती आणि ती सुटायला हवी होती. त्याच कायद्याने मारेकरीही सुटले. मागचं काढायचं नाही असं न लिहिता ठरलं. स्पेनमध्ये त्याला विस्मरणाचा करार म्हणतात. लष्कराची भीती काही खोटी नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये बंदुका घेऊन निमलष्करी पोलीस थेट संसदेत घुसले होते.

करार मोडला नातवंडांनी. ऑक्टोबर २००० मध्ये लेओन प्रांतातल्या प्रिआरान्सा देल बिएर्सो या गावी एमिलिओ सिल्व्हा या पत्रकाराने आपल्या आजोबांचा खड्डा उघडला. आत १३ माणसं होती. डीएनए चाचणीने ओळख पटलेला यादवी युद्धातला पहिला बळी म्हणजे हे आजोबा. त्यातूनच ऐतिहासिक स्मृतींसाठी झटणारी संघटना उभी राहिली. २००८ मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी बेपत्ता माणसांचा आकडा कागदावर आणला : १,१४,२२६. २००७ च्या कायद्याने सरकारी मदतीची सोय केली होती, पण मारिआनो राहोय पंतप्रधान झाले आणि या कामासाठीची तरतूद शून्य युरोवर आली. सिनेमात आर्तुरो याचा उल्लेख करतो. शोधायची जबाबदारी सरकारचीच, असं कायद्यात आलं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, सिनेमा येऊन गेल्यानंतर.

[दृश्य : पुन्हा ती काडी, आता दोन नळ्या शेजारी शेजारी.]

आता काडीकडे परत येऊ. आई आणि मूल यांचं नातं या चाचणीत चटकन उघडं पडतं, कारण मुलाचा निम्मा वारसा आईचा असतो. पणजोबांचं तसं नाही. दर पिढीला निम्मं गळतं. पणतीकडे येईपर्यंत सरासरी साडेबारा टक्के उरतं. एक वारसा आईकडून पुढच्या पिढीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो, पण तो फक्त आईकडूनच. बाप तो मुलीला देत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा दुसरा धागा मुलीपर्यंत येतच नाही. पणजोबा, त्यांची मुलगी, तिची मुलगी आणि मग जॅनिस : या साखळीत दोन्ही धागे पहिल्याच कडीला तुटतात.

म्हणून शोधणाऱ्यांना घाई असते ती म्हाताऱ्यांची. बळीचा भाऊ, बहीण, मुलगी, कुणी तरी हयात हवं. ऐंशी-नव्वदीच्या बाईच्या गालातून फिरवलेली काडी पणतीच्या काडीपेक्षा कितीतरी मोलाची. अशी एक म्हातारी गेली की एखादा खड्डा उघडूनही आतला माणूस बेनाव राहू शकतो.

हाडांकडूनही सहज काही मिळत नाही. डीएनए दातातून किंवा मांडीच्या हाडातून काढतात आणि जमीन आंबट असेल तर तेही विरघळत आलेलं असतं. त्यामुळे बुटाचा तळ, पट्ट्याचं बक्कल, पेन्सिल, शर्टाचं बटण यांची तपशीलवार नोंद ठेवतात. कोणत्या बाईने नवऱ्याच्या शर्टाला कसलं बटण लावलं होतं, हेही विचारतात.

[दृश्य : रिकामा रंगमंच, एकच दिवा]

आनाची आई तेरेसा नटी आहे. लेकीच्या बाळंतपणापेक्षा तिला नाटकाचा दौरा महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्यात आईपण नाही हे ती उघड कबूल करते. सिनेमा तिला शिक्षा करत नाही, हे मला आवडलं. तेरेसा म्हणते, मला राजकारणात रस नाही. ती जे नाटक करतेय ते आहे स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिआ लोर्काचं, लग्नावाचून राहिलेल्या दोन्या रोसिताचं. लोर्काला ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रानादाजवळ गोळी घातली. २००९ मध्ये खणलं, काही हाती लागलं नाही. त्याचा देह आजही सापडलेला नाही. तेरेसा रोज रात्री त्याचीच वाक्यं म्हणते आणि टाळ्या घेते. अल्मोदोवार यावर एक शब्द बोलत नाही.

आनाचं मूल कुठून आलं तेही लक्षात ठेवा. तिच्यावर मुलांनी अत्याचार केला होता. वडिलांनी तक्रार करू दिली नाही, बभ्रा नको म्हणून. जखमा उकरू नका म्हणणारे ते हेच बाबा.

[दृश्य : आगगाडीच्या खिडकीतून गहू]

अल्मोदोवारचा जन्म १९४९ चा, ला मांचातल्या खेड्यातला. त्याचे सुरुवातीचे सिनेमे पाहिले तर स्पेनमध्ये फ्रँको होऊनच गेला नाही असं वाटावं; ते त्याने ठरवून केलं होतं. १९९७ मध्ये 'कार्ने त्रेमुला'ने ती चौकट मोडली. १९७० चं माद्रिद, आणीबाणी लागू, रस्ते ओस, आणि सिटी बसमध्ये एक तरुणी बाळंत होते. ती तरुणी म्हणजे पेनेलोपे क्रूझ. अल्मोदोवारबरोबरचं तिचं पहिलं काम. चोवीस वर्षांनी तिला पुन्हा प्रसूतीच्या खाटेवर निजवून त्याने तो विषय पुरा केला.

[दृश्य : माती. लहान थापी, ब्रश.]

शेवटी खड्डा उघडतो. गावातल्या बायका आपापल्या माणसाचा फोटो छातीशी धरून चालत येतात. आत हाडं आहेत आणि हाडांजवळ एक खुळखुळा. पणजोबांना नेलं तेव्हा ते लेकीला खेळवत होते, एवढं घरात माहीत होतं. तीच लेक पुढे जॅनिसची आजी झाली. इथे काडीची गरज उरत नाही.

दिग्दर्शकाने जरा जास्तच जुळवून आणलं, असं मलाही वाटलं होतं. मग पालेन्सियाची गोष्ट वाचली.

[दृश्य : बाग. घसरगुंडी, झोपाळा. आवाज नाही.]

पालेन्सिया शहरात ला कार्काव्हिया नावाची बाग आहे. आधी तिथे कबरस्तान होतं. तिथे खणताना २०११ मध्ये कातालिना मुन्योस हिची हाडं निघाली. चार मुलांची आई. सप्टेंबर १९३६ मध्ये तिला गोळी घातली होती. कमरेजवळ बाळाचा रंगीत खुळखुळा होता.

आई गेली तेव्हा तिचा धाकटा मुलगा ९ महिन्यांचा होता. खुळखुळा त्याच्या हातात परत आला २०१९ मध्ये. तेव्हा तो ८३ वर्षांचा होता.