फॉरमॅट मारण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याला नौपाड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि मागच्या फळीवर जुन्या लॅपटॉपांची रास. अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या चालीवरून दुखणं ओळखायला शिकले आहे. स्क्रीन फुटली की माणूस तावातावाने येतो. बॅटरी फुगली की घाबराघुबरा येतो. पासवर्ड विसरला की मात्र आवाज खाली आणून येतो. आधी इकडेतिकडे बघतो, 'दुरुस्तीवाले कुठे गेलेत?' असं मलाच विचारतो आणि दुरुस्तीवाले म्हणजे मीच, हे कळलं की हळूच म्हणतो, "मॅडम, उघडत नाहीये. फॉरमॅट मारून द्या."

मला आज या 'फॉरमॅट मारून द्या'बद्दलच बोलायचं आहे. फॉरमॅट मारणं, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकणं, माझ्या सोयीचं आहे. मशीन लावून ठेवायचं, मध्ये एक चहा होतो, पैसेही बरे मिळतात. पासवर्ड जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर नातवाच्या बारशाचे फोटो जातात, सोसायटीचे हिशेब जातात, आयकराचे कागद जातात. माणूस लाजेपोटी हे सगळं सोडायला तयार होतो, याचं मला अजून नवल वाटतं. म्हणून मी आधी स्टूल पुढे करते आणि म्हणते, "बसा. माझ्यासमोर एकदा टाइप करा."

चरईतले एक आजोबा आले होते. मूळचे रत्नागिरीकडचे. लॅपटॉप जुना, जाडजूड. पासवर्ड त्यांना पक्का पाठ होता, तरी दोन दिवस मशीन 'चुकीचा' म्हणत होतं. आजोबांना स्वतःच्या डोक्याचीच शंका यायला लागली होती. त्यांच्या वयात ती शंका फार वाईट. मी म्हटलं, टाइप करा, पण एंटर दाबू नका. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चित्र येतं, ते दाबून धरलं की ठिपक्यांमागची अक्षरं दिसतात. आजोबांनी एका बोटाने टाइप केलं: के, ओ, के, यू, एम. कोकम. मी डोळा दाबला. चौकटीत होतं २६२४०.

झालं होतं असं. जुन्या लॅपटॉपांना उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा नसे. आकडे अक्षरांच्याच बटणांवर चढवलेले असत. नमलॉक चालू झालं की यू-आय-ओ म्हणजे चार-पाच-सहा, जे-के-एल म्हणजे एक-दोन-तीन आणि एम म्हणजे शून्य. 'कोकम'मधलं एकेक अक्षर नेमकं त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे पाचही अक्षरांचे आकडे झाले. नातवाने खेळताना कुठलंतरी बटण दाबलं असणार. मी नमलॉक बंद केलं, त्यांनी पुन्हा 'कोकम' लिहिलं आणि लॅपटॉप उघडला. आजोबांनी पैसे विचारले. नमलॉकचे काय पैसे घ्यायचे? घेतले नाहीत. (पाच अक्षरी पासवर्ड ठेवल्याबद्दल थोडं बोलले मात्र.)

आपल्याकडचा याचाच दुसरा प्रकार म्हणजे मराठी कीबोर्ड. कळव्याच्या एक शिक्षिका शाळेच्या प्रश्नपत्रिका इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या कीबोर्ड मांडणीत, टाइप करतात. एकदा भाषा मराठीवरच राहिली आणि लॅपटॉप बंद झाला. सकाळी त्या इंग्रजी पासवर्ड मारताहेत आणि ठिपक्यांमागे उमटतंय देवनागरी. इनस्क्रिप्टमध्ये के दाबलं की 'क' येतो, तेवढं जुळतं. पण जे दाबलं की 'र' आणि एच दाबलं की 'प'. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली भाषेचं नाव असतं. आधी तिथे बघा, मग कॅप्सलॉक बघा. दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं करा, भले माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता खरोखरच विसरलेल्यांकडे वळू. ते मला हमखास विचारतात, "मॅडम, आत कुठेतरी लिहिलेला असेल ना? तेवढा काढून द्या." नाही हो. आत तो लिहिलेला नसतो. गिरणीत गहू टाकला की पीठ मिळतं, पण पिठाचा गहू करून देणारी गिरणी नाही. तुम्ही पहिल्यांदा पासवर्ड ठेवता तेव्हा विंडोज त्याचं असं दळण करतं आणि फक्त पीठ जपून ठेवतं. रोज तुम्ही टाइप करता ते पुन्हा दळलं जातं आणि दोन्ही पिठं ताडून बघितली जातात. त्यामुळे जुना पासवर्ड मी सांगू शकत नाही आणि कंपनीही सांगू शकत नाही. जो 'काढून देतो' म्हणतो, तो एकतर अंदाज मारत बसणार आहे किंवा तुम्हाला गंडवतोय. पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकच कॉम्प्युटर अनेकांनी वापरण्याची व्यवस्था उभी केली आणि ज्याच्या-त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आणला. ते पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला मशीनवर मिळणारा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने सरळ ती फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. गहू जपून ठेवायचा नाही, हे शहाणपण त्यानंतर हळूहळू आलं.

म्हणजे पासवर्ड शोधायचा नसतो, बदलायचा असतो. तो कसा बदलायचा, हे खातं कोणतं आहे त्यावर ठरतं.

लॅपटॉप सुरू करताना ईमेल दिला असेल, तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं. मग लॅपटॉपला हात लावायचीही गरज नाही. कुठल्याही फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जायचं, 'पासवर्ड विसरलो' म्हणायचं, फोनवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येतो, तो घालून नवा ठेवायचा. पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला लहान. पासवर्ड फोनवर बदलला, तरी लॅपटॉपला ती बातमी इंटरनेटवरूनच कळणार. लॉगिनच्या पडद्यावरच खाली वायफायचं चिन्ह असतं, तिथून आधी जोडून घ्या. घरचं वायफाय नसेल तर फोनचं हॉटस्पॉट चालतं. दुसरा खड्डा मोठा आहे, तो जुन्या मोबाइल नंबरचा. कोड जातो तो तुम्ही सहा वर्षांपूर्वी दिलेल्या नंबरावर, आणि ते सिम तुम्ही रिचार्ज न करता सोडून दिलेलं असतं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. खात्यातले सगळेच जुने पत्ते-नंबर बदलायची वेळ आली, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. गिऱ्हाइकं चिडतात. मला विचाराल तर ते ३० दिवस योग्यच आहेत. चोराने बदल केला असेल, तर खऱ्या मालकाला कळायला वेळ नको?

ईमेल दिलेला नसेल, तर ते लोकल खातं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून अशा खात्याला तीन प्रश्नांची सोय आहे. चुकीचा पासवर्ड मारला की खाली तो बदलण्याचा पर्याय दिसतो, आणि प्रश्नांची उत्तरं बरोबर आली की काम झालं. प्रश्न मात्र कुणी परक्याने काढलेले, हे लगेच कळतं. त्यात एक आहे: तुमचे आईवडील कोणत्या शहरात भेटले? आता आपल्याकडे भेटले म्हणजे काय? कांदेपोहे कुणाच्या मामाकडे झाले होते, ते मुलांना काय ठाऊक! दुसरा, तुमचा जन्म कोणत्या शहरातला. हा सोपा वाटतो. एका गृहस्थांनी माझ्यासमोर चार वेळा ठाणे लिहिलं आणि चारही वेळा चुकलं. शेवटी त्यांच्या बायकोने आठवण करून दिली की हे अजून जुन्या रेल्वे पाटीसारखं 'ठाणा' असं स्पेलिंग करतात. ई काढून ए घातला आणि दार उघडलं.

त्याच मशीनवर घरातल्या दुसऱ्या कुणाचं ॲडमिन खातं असेल, तर तिथूनही पासवर्ड बदलता येतो. पण लोकल खात्याचा पासवर्ड असा बाहेरून बदलला, तर विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद केलेल्या फायली आणि साठवलेले इतर पासवर्ड हातचे जाऊ शकतात, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डाशी बांधलेली असते. हे कुणी आधी सांगत नाही. मी सांगते, आणि मग 'हो' घेऊनच हात लावते.

आणि काहीच जमलं नाही तर? तरीही लगेच फॉरमॅट नाही. मशीन उघडणं वेगळं आणि आतल्या फायली मिळवणं वेगळं. जुन्या मशीनमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, नसते. ती काढायची, केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, फोटो उतरवून घ्यायचे. लॉगिनचा पासवर्ड दारावर असतो, सामानावर नसतो. घोडबंदर रोडच्या एक बाई यजमान गेल्यानंतर त्यांचा कॉम्प्युटर घेऊन आल्या होत्या. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला. बाईंना कॉम्प्युटर नकोच होता, फक्त एका सहलीचे फोटो हवे होते. अर्ध्या तासात पेनड्राइव्हवर दिले. त्याआधी मृत्यूचा दाखला मात्र बघितला. बिल किंवा ओळखीचा कागद मी प्रत्येकाला मागते आणि त्यावरून शिव्याही खाते. चार्जर नसलेला लॅपटॉप आणि वॉलपेपरवर भलत्याच कुटुंबाचा फोटो घेऊन 'माझाच आहे' म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सीखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मला माझं स्टूल सोडून तिथे जायचं नाही.

पासवर्ड अडला म्हणून इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधून फोन लावू नका, हेही इथेच सांगते. तो माणूस गोड बोलतो, फोनवर एक ॲप घ्यायला लावतो आणि तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो. लॅपटॉप उघडायचा राहतो बाजूला, बँकेचं खातं उघडतं. पैसे गेले तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर टाकू नका.

शेवटी ऐरोलीच्या काकूंची गोष्ट. लॅपटॉप नवा, विंडोज ११ चा. मुलाने जर्मनीला जाण्याआधी घेऊन दिला, सगळं लावूनही तोच देऊन गेला. काकू रोज चार आकडी पिन टाकून भजनी मंडळाचा जमाखर्च लिहायच्या. एक दिवस पिन चार-पाच वेळा चुकला आणि पडद्यावर आलं, 'ए१बी२सी३ असं टाइप करा'. हा विंडोजचा नेहमीचा अडसर आहे, बटणं चुकून तर दाबली जात नाहीत ना, हे बघण्यासाठी. काकूंना वाटलं व्हायरस आला. त्यांनी शेजारच्या मुलाला हाक मारली. पोरगं हुशार, म्हणजे जरा जास्तच. व्हिडिओ बघून त्याने पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षेचं एक बटण बंद केलं. आता निळा पडदा आला आणि ४८ आकड्यांची किल्ली मागायला लागला. डिस्कच्या या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते. इथे कुलूप थेट सामानावरच असतं, त्यामुळे माझी केबल कामाची नाही. किल्ली नसेल तर फॉरमॅटशिवाय खरंच मार्ग उरत नाही.

काकू ठाणे-वाशी लोकल पकडून ऐरोलीहून लॅपटॉप पिशवीत घालून आल्या. मी विचारलं, खातं कुणाच्या ईमेलचं? मुलाच्या. मग किल्लीही त्याच्याच खात्यात असणार. तिकडे सकाळ व्हायची वाट बघितली, तोवर चहा झाला. मुलाने खातं उघडलं, किल्ली सापडली आणि तो फोनवर वाचायला लागला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. काकूंनी ते माझ्या बिलबुकाच्या पाठीवर मराठी आकड्यांत लिहून घेतले. मी टाकायला घेतले, तर पाचव्या गटाला मशीन अडलं. गंमत अशी की त्या किल्लीतल्या प्रत्येक गटाला अकराने नि:शेष भाग जातो, त्यामुळे एक आकडा जरी चुकला तरी तो गट तिथल्या तिथे पकडला जातो. बघते तर काकूंच्या हातचा १ आणि ९ सारखाच दिसत होता. तो सुधारला, निळा पडदा गेला.

आणि समोर पुन्हा लॉगिन. त्यासाठी मुलाने तिथूनच खात्याचा पासवर्ड बदलला, मी लॅपटॉप दुकानाच्या वायफायला जोडला आणि भजनी मंडळाचा जमाखर्च जागच्या जागी सापडला. फोन स्पीकरवरच होता. मुलगा म्हणाला, "आई, एवढा सोपा पासवर्ड विसरलीस कशी गं?"

काकू म्हणाल्या, "विसरेन कशाला? तू मला पिन सांगितला होतास. पासवर्ड कधी सांगितलास?"

नमस्कार.