चिकाचा पहिला दिवस

तुमच्यातले बरेच जण द्राक्षवाले आहेत, म्हणून बागेतूनच सुरुवात करतो. डावणी या द्राक्षाच्या रोगावर एकच औषध पुन्हापुन्हा मारलं की ते लागू पडेनासं होतं, हे नाशिककराला सांगावं लागत नाही. डुकरांच्या शेडमध्येही तेच घडतं.

दूध तोडलं की पिल्लांना हगवण लागते. म्हणून त्या आठवड्यात सगळ्यांच्याच खाद्यात अँटिबायोटिक मिसळायचं. आजारी दोन, औषध साठांना. सिन्नरकडच्या एका शेडवर हे पाहिलं, तेव्हा मालकावर रागवावंसं वाटलं नाही. आधीचं अख्खं वेत हातचं गेलेलं, माणूस घाबरणारच. पण या भीतीची किंमत मोठी आहे. माणसांच्या आयसीयूत इतर औषधं थकल्यावर कोलिस्टिन हे अँटिबायोटिक वापरतात. ज्यामुळे जिवाणू त्याला दाद देत नाहीत असं, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. ते डुकरांतही होतं आणि रुग्णांतही. २०१९ मध्ये आपल्या सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

अँटिबायोटिक कमी करायचं तर लस हवी, आणि लसीचं काम पिल्लू जन्मायच्या आधी सुरू होतं. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, वारेतून पोटातच मिळतात. डुकरीच्या वारेतून ती जात नाहीत. पिल्लू कोरं जन्मतं. त्याला मिळायचं ते चिकातून, आणि त्याचं आतडं ती प्रतिपिंडं आत घेतं ते साधारण पहिल्या दिवसातच. मादी ११४ दिवसांनी विते. तिला विण्याआधी काही आठवडे ई. कोलाय या हगवण लावणाऱ्या जिवाणूवरची लस टोचली, तर त्या लसीचं फळ चिकात उतरतं. म्हणून विण्याच्या रात्री कुणीतरी शेडवर थांबा आणि अशक्त पिल्लाला हातानं सडाला लावा. लसीइतकंच हे मोलाचं आहे.

दूध तुटलं की हे कवच सरतं. पुढच्या आजारांसाठी पिल्लांना वेगळी लस लागते. डेन्मार्कमधल्या एका कळपात लॉसोनिया या आतड्याच्या जिवाणूवर तोंडावाटे लस दिली, तेव्हा त्या आजारासाठी लागणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक ७९ टक्क्यांनी घटलं. अभ्यास २००९ चा आहे. मात्र या लसीत जिवंत जिवाणू असतो. त्या दिवसांत खाद्यात किंवा पाण्यात अँटिबायोटिक असलं, तर लसच मरते. म्हणून लसीच्या आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस ते बंद ठेवायचं.

स्वाइन फिव्हर विषाणूचा आजार. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. लस चुकवू नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हर निराळा, त्याला ही लस उपयोगी नाही. तिथं बाहेरची माणसं, गाड्या आणि हॉटेलचं उष्टं शेडपासून लांब ठेवणं हाच आधार.

आजारी पिल्लाला औषध द्यायचंच, पण डॉक्टरांना दाखवून, त्या पिल्लापुरतं. आता तुम्ही आणलेली खाद्याची रिकामी पोती पुढं द्या. कोणत्या पोत्यात काय मिसळलंय, ते लेबलावरून आपण एकेक वाचू.